तीन प्रोसेसर आणि एक हडंबा

फुलंब्रीतल्या आमच्या घरात २०१४ साली पहिला कॉम्प्युटर आला, तो एमएस-सीआयटीच्या नावाखाली. वडिलांना सांगितलं होतं की अर्ज, सातबारा, बँक, सगळं यावरच होणार आहे. त्यातलं काही झालंही. पण महिनाभरात त्यावर सगळ्यात जास्त चाललं ते काउंटर स्ट्राइक. कोअर आय३-४१३०, ४ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही. दोन कोअर, चार थ्रेड. तेव्हा याहून जास्त काय लागतं, असंच वाटायचं.

तेव्हापासून आजपर्यंत मी तीनदा प्रोसेसर बदलला आणि एकदा बदलता बदलता थांबलो. पहिल्या खरेदीत पैसे चुकीच्या क्रमानं गेले, दुसरीत चुकीच्या जागी गेले, तिसरी बरोबर ठरली. थांबलो, तोही निर्णय बरोबर होता. शेतकऱ्याच्या घरात चारपैकी दोन म्हणजे वाईट नाही, असं पुतण्या म्हणतो. त्याला पैसे भरावे लागले नाहीत.

पहिली वेळ २०१८ ची. त्याआधी जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं. या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर लागत नाही, ७५ वॉटमध्ये भागतं, म्हणून साध्या डब्यात बसणारं ते गरिबाचं कार्ड. रॅमही ८ जीबी केली होती. मग डिसेंबर २०१७ मध्ये पीसीवरचं पबजी पूर्ण स्वरूपात आलं आणि आमचा आय३ गुडघ्यावर आला. पॅराशूटनं खाली उतरलं की चित्र गोठायचं, आणि सुटायचं तेव्हा आपण मेलेलो असायचो. गेमच्या किमान गरजेत आय५-४४३० लिहिलेला होता. म्हणजे कागदावर दोष प्रोसेसरचाच. जुन्याच बोर्डावर बसेल असा सेकंडहँड आय५-४५७० शहरातून आणला.

फरक पडला, नाही असं नाही. मोकळ्या माळावर फ्रेम वाढल्या. पण वस्तीत उतरलं की गोठणं तसंच. दोन महिन्यांनी, तेही सहज, खेळ चालू असताना टास्क मॅनेजर उघडला तर रॅम काठोकाठ भरलेली आणि हार्डडिस्क शंभर टक्क्यांवर धापा टाकत होती. घरं, भिंती, झाडं डिस्कवरून यायची होती आणि डिस्क काही ती वेळेत देत नव्हती. मग एसएसडी आली, आणखी ८ जीबी रॅम आली आणि गोठणं संपलं. क्रम उलटा धरला असता तर आय५ घ्यावा लागला असता का? बहुधा लागला असता, पण एक हंगाम उशिरा.

इथे हडंब्याबद्दल, म्हणजे मळणीयंत्राबद्दल सांगायला हवं, कारण मला हा सगळा प्रकार कळला तो त्याच्यामुळे. मक्याच्या मळणीला दोन माणसं कणसं टाकतात आणि यंत्र दाणे काढतं. टाकणारे ढिले असतील तर हडंबा रिकामा घरघरतो. हडंबा लहान असेल तर माणसं टोपली हातात धरून उभी राहतात. गेममध्ये प्रोसेसर म्हणजे टाकणारा. कोण कुठे आहे, गोळी कुठे लागली, दार उघडलं का, हे ठरवून तो प्रत्येक चित्राचा ऐवज तयार करतो. ग्राफिक्स कार्ड ते चित्र रंगवतं. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एकेका चित्राला साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ मिळतो; १४४ हवी असतील तर सातसुद्धा नाही. दोघांपैकी जो हळू, त्याचाच वेग खरा. मोठ्या हडंब्यापुढे एक म्हातारा उभा केला, किंवा छोट्या यंत्रापुढे चार गडी उभे केले, तरी दाणे तेवढेच पडतात.

हे मला कळत होतं. तरीही २०१९ च्या दिवाळीला मी छोट्या यंत्रापुढे चार गडी उभे केले.

जुलैत एएमडीचे तिसऱ्या पिढीचे रायझन आले होते, त्यामुळे आधीचा रायझन ५ २६०० स्वस्तात मिळत होता. सहा कोअर, बारा थ्रेड. तो आकडा बघून माझं डोकं फिरलं, आणि ते फिरण्यामागे इतिहासही होता. २००७ च्या क्वाड कोअरपासून २०१७ च्या सुरुवातीच्या सातव्या पिढीपर्यंत इंटेलनं घरगुती प्रोसेसरांत चारच्या वर कोअर दिलेच नव्हते. दहा वर्षं चार. मार्च २०१७ मध्ये रायझन आला आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात इंटेलचे सहा कोअर निघाले. तेही कसे, तर सॉकेटला पिना तेवढ्याच, ११५१, पण जुन्या बोर्डावर प्रोसेसर चालणार नाही. या चलाखीचा राग धरून मी एएमडीकडे वळलो, असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे स्वस्त होता.

बी४५० बोर्ड, नवीन रॅम, नवा प्रोसेसर, आणि कार्ड तेच, १०५० टीआय. द विचर ३ लावला. जुन्या आय५ वर बेचाळीस-त्रेचाळीस फ्रेम मिळायच्या, नव्यावरही बेचाळीस-त्रेचाळीसच. पुतण्या स्क्रीनकडे बघून म्हणाला, "काका, बदललं काय मग?" मी म्हणालो, विंडोज लवकर चालू होतं. तेही खोटं होतं, कारण ते काम एसएसडीचं. कार्डाचा वापर ९९ टक्के दिसत होता. हडंबा पूर्ण भरलेला, आणि मी बाहेर गडी वाढवत बसलो होतो.

त्या खरेदीत आणखी एक गोची होती, ती वर्षभरानं कळली. दुकानदारानं ८ जीबीची एकच पट्टी दिली होती आणि ती बायोसमधल्या मूळ वेगावर, म्हणजे छापलेल्या ३२०० च्या बराच खाली चालत होती. रायझनच्या आतली वाहतूक रॅमच्या वेगाशी बांधलेली असते. तशीच दुसरी पट्टी टाकून दोन्ही दुहेरी चॅनलमध्ये बसवल्या, बायोसमध्ये प्रोफाइल चालू केलं. लॉकडाऊनच्या काळात सगळी पोरं व्हॅलोरंट खेळायला लागली होती; तिथे या एका बदलानं जेवढं दिलं, तेवढं नुसत्या प्रोसेसरनं दिलं नव्हतं. अर्ध्या कामाला एका पट्टीचा खर्च, अर्धं काम फुकटचं.

कार्ड मात्र बदलता येईना. २०२१ हे वर्ष गेमिंग करणाऱ्या कुणीही आठवू नये असं. चिपांचा तुटवडा आणि क्रिप्टोचं खाणकाम यांत कार्डांचे भाव असे चढले की चांगलं कार्ड घ्यायचं तर म्हैस विकावी लागेल, असं आम्ही म्हणायचो.

मग मे २०२२. आमची कॉम्प्युटरची खोली पत्र्याची आहे. बाहेर पारा बेचाळिसाला टेकलेला. अजिंठा रस्त्याचं काम वर्षानुवर्षं रखडलेलं, त्यामुळे त्याची धूळ घरात, आणि उरलेली शेतातली. खेळ सुरू केला की पंधरा-वीस मिनिटं मस्त चालायचा, मग बसायचा. पुतण्याचा निकाल तयार होता: प्रोसेसर म्हातारा झाला. मीही पैसे मोजायला लागलो होतो. पण एक गोष्ट खटकत होती. म्हातारा माणूस पहिल्या मिनिटालाच थकतो, विसाव्या मिनिटाची वाट बघत नाही. तापमान बघितलं तर प्रोसेसर नव्वदीच्या पुढे गेला होता आणि स्वतःला वाचवायला वेग उतरवत होता. डबा उघडला. कूलरच्या पात्यांमध्ये धुळीची गोधडी झाली होती. ब्लोअर मारला, थर्मल पेस्ट नवी लावली. तीही शहरातून आणावी लागली, एवढाच काय तो खर्च.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोनं कार्डांवरचं खाणकाम बंद केलं आणि भाव जमिनीवर आले. पुढच्या वर्षी, २०२३ ला, अद्रकीला भाव मिळाला. आरटीएक्स ३०६० आलं, १४४ हर्ट्झचा मॉनिटर आला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात काउंटर स्ट्राइक २ निघाला. आणि आता पहिल्यांदा तक्रार उलटी होती: कार्ड नवं, तरी फ्रेम अडतात.

या वेळी मी घाई केली नाही. खेळ चालू असताना कोपऱ्यात आकडे दिसतील असं सॉफ्टवेअर लावलं. कार्डाचा वापर साठ टक्क्यांच्या आतबाहेर. प्रोसेसरचा एकूण वापर पन्नाससुद्धा नाही. इथेच बहुतेक लोक फसतात. पन्नास टक्के बघून म्हणतात, प्रोसेसर तर रिकामा आहे. पण बारा थ्रेडमधला एक जरी पूर्ण अडला आणि बाकीचे त्याची वाट बघत बसले, तरी सरासरी कमीच दिसते. म्हणून शेवटची परीक्षा घेतली. रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणलं. कार्डाचं काम निम्म्याहून कमी झालं, पण फ्रेमचा आकडा जागचा हलला नाही. म्हणजे टाकणाराच कमी पडत होता.

यामागे एक मोठं कारणही होतं. बहुतेक मोठे गेम कन्सोल डोळ्यांपुढे ठेवून बनतात. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ मध्ये आठ कोअर होते, पण अशक्त. म्हणून कितीतरी वर्षं आपला साधा प्रोसेसरही पुरला. नोव्हेंबर २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये आठ दणकट कोअर आले. जुन्या कन्सोलचा विचार सोडून बनलेले गेम बाजारात यायला दोन-तीन वर्षं लागली. २०१९ ला जी घाई चुकली, तीच २०२३ ला गरज झाली होती.

बी४५० बोर्ड कामाला आला तो इथे. त्याच एएम४ सॉकेटवर २०२२ चा रायझन ५ ५६०० बसतो, फक्त आधी बायोस अपडेट करावा लागतो, आणि तो जुना प्रोसेसर काढण्याआधी. अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्ड मेला. फुलंब्रीत राहणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून यूपीएस उसना आणला, पहाटे साडेपाचला उठलो आणि पाच-सात मिनिटं मी आणि पुतण्या श्वास धरून पट्टी सरकताना बघत बसलो. लाईट गेली, पण पाऊण तासानं.

निकाल: काउंटर स्ट्राइक २ मध्ये फ्रेम जवळजवळ दीडपट झाल्या. सायबरपंकमध्ये सगळी सेटिंग्ज उंचावर ठेवली की सरासरी तेवढीच, कारण तिथे कार्डच भरलेलं असतं. पण बाजाराच्या गर्दीतून गाडी नेताना जे झटके बसायचे ते गेले. हा दुसरा फायदा सरासरीच्या आकड्यात दिसत नाही, हाताला कळतो.

आता पुतण्याचं एएम५ वर जाऊ या म्हणून चाललंय. त्यात नवा बोर्ड आणि डीडीआर५ रॅम आली, आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव एआयच्या डेटा सेंटरांनी चढवून ठेवलेत. त्याच्या मॉनिटरला १४४ फ्रेम हव्यात, त्या मिळतात. मी नाही म्हणालोय.

२६०० गल्लीतल्या एका पोराच्या डब्यात गेला. विंडोज ११ त्याच्यावर चालतं. आय३ चालत्या विंडोजच्या बाहेर गेला, तो बिस्किटाच्या डब्यात आहे. तुमचाही कॉम्प्युटर अडत असेल आणि दुकानात जायचं ठरत असेल, तर आधी झाकण उघडून धूळ बघा, रॅमच्या किती पट्ट्या आहेत ते बघा, मग गेम ७२० वर टाकून बघा. तरीही आकडा हलला नाही, तर या आमच्याकडे. यूपीएस मी आणून ठेवतो.