प्रक्षेप, पाठ आणि विकी : ‘चौक’ या नोंदीच्या निमित्ताने

ग्रंथ अनेकांच्या हातांतून जाऊ लागला की त्यात कोणी काय घातले, हा प्रश्न उपस्थित होतो. मराठीला तो नवा नाही. शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यापुढे तीत कोणी स्वतःची ओवी घालू नये, असे बजावले. प्रक्षिप्त ओवी मूळ ओव्यांत मिसळून जाते. घालणारा आणि घालण्याचा काळ दोन्ही पुसले जातात, हे या निषेधामागील कारण होय. विसाव्या शतकातील कोशकारांनी या प्रश्नाला संपादनाने उत्तर दिले. श्री. व्यं. केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश किंवा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाई येथे सिद्ध होऊ लागलेला मराठी विश्वकोश यांत कोणती नोंद घ्यावी आणि तिचा अंतिम पाठ कोणता, हे संपादक ठरवीत.

विकी या रचनेने हाच क्रम उलटा केला. हवाई बेटांच्या भाषेतील ‘झटपट’ या अर्थाच्या शब्दावरून वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी खुल्या केलेल्या संकेतस्थळाला हे नाव मिळाले. २००० साली निघालेल्या ‘न्यूपीडिया’ या इंग्रजी कोशात प्रत्येक लेख सात टप्प्यांच्या तपासणीतून जावा लागे. परिणामी त्याचे मोजकेच लेख पूर्ण झाले. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाने आधी प्रकाशन व मग संशोधन हा मार्ग धरला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. मात्र येथे प्रक्षेपाला बंदी नाही, तशी त्याला लपण्याची जागाही नाही. प्रत्येक पानाच्या ‘इतिहासा’त बदलाची वेळ, बदल करणाऱ्याची खूण आणि पूर्वीचा पाठ जतन होतो. पाठचिकित्सकाला अनेक पोथ्या ताडून जे अनुमानाने मिळवावे लागते, ते येथे रचनेतच उपलब्ध आहे.

या रचनेचे परिणाम एखाद्या गावाच्या नोंदीत स्पष्ट दिसतात. रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील चौक हे जुन्या मुंबई-पुणे मार्गावरील, माथेरान व इर्शाळगड यांच्या पायथ्याचे गाव. पहिली अडचण नावाचीच. ‘चौक’ हा सामान्य शब्दही आहे. म्हणून गावाच्या पानाला कंसातील विशेषण जोडावे लागते. शिवाजी महाराजांचे सरनौबत नेताजी पालकर यांचे जन्मगाव म्हणून चौकची ख्याती आहे. पण त्यांचे नाव ‘नेताजी’ आणि ‘नेतोजी’ असे दोन प्रकारे लिहिले जाते. छापील कोश अशा वेळी ‘पहा’ म्हणून वाचकाला दुसरीकडे पाठवितो. विकी दोन्ही नावे एकाच पानाकडे वळवितो. एका विषयाला एकच पान, हा नियम वरवर तांत्रिक वाटतो. परंतु त्यामुळे भिन्न मतांच्या लोकांना वेगवेगळे लेख लिहून आपापल्या घरी बसता येत नाही. त्यांना एकाच पानावर आणि त्याला जोडलेल्या चर्चापानावर समोरासमोर यावे लागते. मराठी विकिपीडियाने आपल्या सार्वत्रिक चर्चेच्या जागेला ‘चावडी’ हे नाव दिले, ते या दृष्टीने समर्पक आहे.

तथापि चावडीवर कोणाचा शब्द ग्राह्य, हाही रचनेचाच प्रश्न आहे. विकिपीडियाला प्रकाशित आधार लागतो. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकला मुक्कामाला असता माथेरानचा डोंगर चढून गेले. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरात त्याची नोंद आहे. म्हणून मॅलेट यांची एका संध्याकाळची रपेटही विकीच्या पानावर साधार येऊ शकते. त्याच डोंगरांत पिढ्यान् पिढ्या वावरलेल्या ठाकर समाजाचे वाटांचे, झऱ्यांचे, रानभाज्यांचे ज्ञान मात्र बहुतांशी मौखिक आहे आणि म्हणून निराधार ठरते. चौक ग्रामपंचायतीतील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ताच राहिले. या आकड्यांना वृत्तपत्रांचा आधार आहे. वाडीचा मृत्यू सहज नोंदविता येतो. तिचे जगणे नोंदविण्यास आधार सापडत नाही.

हा दोष सहभागी लेखकांच्या वृत्तीचा नव्हे, प्रमाणाच्या व्याख्येचा आहे. २०११ साली भारत व दक्षिण आफ्रिका येथे ध्वनिमुद्रित मुलाखतींना संदर्भ मानण्याचा प्रयोग हिंदी, मल्याळम व सेपेडी या भाषांसाठी झाला. तो सर्वमान्य नियम मात्र झाला नाही. केवळ ऐकीव गोष्टीवर विसंबणे कोशाला परवडणारे नाही, ही शंका रास्त आहे. परंतु ध्वनिमुद्रण, सांगणाऱ्याची संमती, स्थळ आणि दिनांक यांसह केलेले लोकसाहित्याचे संकलन ऐकीव राहत नाही. असे संकलन प्रसिद्ध करणे हे तर मराठी विभागांचे जुनेच कार्य आहे. ते झाले तर विकीचा नियम न बदलताही त्याला आधार मिळतो.

सारांश, विकीने कोण लिहू शकतो या प्रश्नाचे उत्तर उदारपणे दिले आणि प्रक्षेपाचे भय बरेचसे दूर केले. काय पुरावा म्हणून चालेल, या प्रश्नावर मात्र तो मुद्रित परंपरेचाच वारस आहे. जे छापलेच गेले नाही, त्याच्यासाठी दार उघडे असूनही उंबरठा उंच राहतो. तो ओलांडण्यास लागणारी पायरी कोशाबाहेर, वाड्या-वस्त्यांवर बसून बांधावी लागेल.