लस टोचली, तरी गोचीड उरतेच

पोळ्याआधी पांढुर्णा-सौंसरच्या गावांत बैल घासूनपुसून धुतले जातात, तेव्हा कानामागे, शेपटीखाली गोचीडही सापडते. पावसाळ्याच्या दमट उकाड्यात ती झपाट्याने वाढते. तिच्यातली हायलोमा जात थायलेरिया या परजीवीमुळे होणारा थायलेरियोसिस पसरवते. जनावराला सडकून ताप येतो, गाठी सुजतात, रक्त कमी होते आणि उपचाराला उशीर झाला तर ते दगावते. 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा गवळाऊ गाईंच्या मुलखातला. देशी जनावरे हा आजार बरीच सोसतात. जर्सी, होल्स्टीनच्या संकरित गाई सोसत नाहीत.

संकरित गाईंसाठी 'रक्षाव्हॅक-टी' ही लस आहे. तिच्यात दुबळा केलेला जिवंत परजीवी असतो, म्हणून ती द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते.

मग किती जनावरांना टोचली की साथ थांबेल?

अशा हिशेबाची वाट रोनाल्ड रॉस यांनी घातली. 1897 मध्ये सिकंदराबादला त्यांना डासात मलेरियाचा परजीवी दिसला. पुढे त्यांनी गणिताने दाखवले, की मलेरिया हटवायला शेवटचा डास मारण्याची गरज नाही. डास ठरावीक मर्यादेखाली आणले की पुरते. 1927 मध्ये करमॅक आणि मॅकेंड्रिक या संशोधकांनी साथीच्या फैलावाची आपली समीकरणे मुंबईच्या 1905-06 च्या प्लेगच्या आकड्यांशी ताडून पाहिली.

समजा, एका बाधित जनावरामुळे सरासरी चार जनावरांना बाधा होते. चारांतली तीन, म्हणजे 75 टक्क्यांहून थोडी अधिक जनावरे सुरक्षित झाली की साथ ओसरू लागते.

पण हे उत्तर बाधाच रोखणाऱ्या लसीचे आहे. थायलेरियाची लस मुख्यतः आजार रोखते. लस घेतलेल्या गाईला गोचिडीतून परजीवी मिळाला, तर ती धडधाकट दिसते, तरी परजीवी तिच्या रक्तात राहू शकतो आणि पुढच्या गोचिडीत जातो. मेडली, पेरी आणि यंग या संशोधकांनी 1993 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अशाच आजाराचे गणित मांडताना या वाहक जनावरांना हिशेबात घेतले होते.

म्हणून गोचिडीची साखळीही मोजावी लागते. परजीवी तिच्या अंड्यांतून पुढे जात नाही. लहानपणी बाधित रक्त प्यालेली गोचीड खाली गळते, गोठ्याच्या भेगांत कात टाकते आणि मोठी होऊन दुसऱ्या जनावराला डसते. किती गोचिडी बाधित झाल्या, किती जगल्या, किती पुन्हा डसल्या, या तिन्ही आकड्यांचा गुणाकार होतो. त्यातले दोन निम्मे केले, की वर धरलेल्या चाराचा एक होतो. यासाठी वासरांना लस देतानाच भिंतींच्या भेगा लिंपणे, गोठ्यात औषध फवारणे आणि बाजारातून आणलेली गाय कळपात सोडण्याआधी तपासणे, ही कामेही लसीकरणाच्या मोहिमेतच धरायला हवीत.