पोटुशी बाई आणि हिवताप

गडचिरोलीकडे पाऊस लागला की धानाच्या बांध्यांत पाणी उभे राहते. डबकी भरतात. डास वाढतात. मग घरोघर कोणीतरी हुडहुडी भरून पडते. हाच हिवताप. कोणी त्याला थंडीताप म्हणतात, कोणी मलेरिया.

हा ताप नजर लागून येत नाही. अॅनाफिलीस जातीची डासाची मादी रोग्याला चावते. तिच्या पोटात रोगाचे जंतू जातात. पुढे ती दुसऱ्याला चावली, की जंतू त्याच्या रक्तात शिरतात. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हे जंतू पाहिले.

हिवताप सर्वांनाच वाईट. पण पोटुशी बाईला तो फार वाईट. का बरे?

पोटातले मूल वारेतून पोसले जाते. हिवतापाच्या एका जातीचे जंतू नेमके या वारेत चिकटून बसतात. मग मुलाला पुरेसे पोषण मिळत नाही. जंतू आईच्या रक्तातले तांबडे कणही फोडतात. आईचे रक्त कमी होते. मूल कमी वजनाचे होते. कधी ते दिवस भरण्याआधी जन्मते, कधी पोटातच दगावते. पहिलटकरणीला हा धोका जास्त असतो.

यात एक फसगत आहे. जिथे हिवताप नेहमीचा, तिथे बाईला ताप येतोच असे नाही. नुसता थकवा येतो, धाप लागते. सासूबाई म्हणतात, "अगं, या दिवसांत थकायचंच!" आणि तिकडे जंतू वारेत लपलेले असतात.

म्हणून आम्ही सांगतो, अंगावर काढू नका. तपासणीला गेलात की नर्सबाईंना म्हणा, "बाई, हिवतापासाठी माझं रक्तही बघा." बोटाला सुई टोचून एक थेंब रक्त पट्टीवर घेतात. अर्ध्या तासाच्या आत कळते. गावातली आशाताईही ही तपासणी करते. ताप आला, तर त्याच दिवशी तपासा.

दुसरी गोष्ट. पुष्कळ बाया पहिले दोन-तीन महिने दिवस गेल्याचे लाजून सांगत नाहीत. असे करू नका. प्रायमाक्विन नावाची हिवतापाची गोळी पोटुशी बाईला देत नाहीत. तिच्यासाठी औषध वेगळे ठरवावे लागते. तुम्ही सांगितलेच नाही, तर देणाऱ्याला कसे कळणार? घरात उरलेली जुनी गोळीही घेऊ नका. दिलेले औषध मात्र पुरते घ्या. ताप उतरला म्हणून मधेच सोडू नका.

हा डास बहुधा रात्री चावतो. घरात औषध लावलेली एकच मच्छरदाणी असेल, तर ती कोणाला द्यावी? पोटुशी बाईला. तिच्या एका मच्छरदाणीत दोन जीव राखले जातात.