एक क्रमांक, अनेक बिऱ्हाडे

स्वतःचे संकेतस्थळ उभारू पाहणाऱ्या घाटकोपरच्या वा बोरिवलीच्या व्यापाऱ्यापुढे होस्टिंगचे दरपत्रक येते, तेव्हा त्यात जागा, ईमेलची खाती, वार्षिक नूतनीकरण अशा समजण्याजोग्या बाबींच्या खाली ‘डेडिकेटेड आयपी’ हे एक स्वतंत्र कलम असते. आणि त्यापुढची रक्कम भरावी की न भरावी हे ठरविण्यास लागणारे ज्ञान मात्र त्या कागदावर कोठेही नसते. त्याने सुरक्षितता वाढेल, गूगलमध्ये वरचे स्थान मिळेल, असे विक्रेता सांगतो, आणि गिऱ्हाईक मुकाट्याने पैसे मोजते. हा व्यवहार अज्ञानावर चालू नये, असे मला मनापासून वाटते.

ज्या यंत्राशी जगातून कोणालाही थेट संपर्क साधता यावा, त्याला एक सार्वजनिक क्रमांक लागतो. तोच आयपी पत्ता. टिंबांनी तोडलेले चार आकडे, प्रत्येक ० ते २५५ च्या मर्यादेत, ही त्याची १९८१ साली मुक्रर झालेली रूढ घडण असून असे क्रमांक एकंदर ४,२९,४९,६७,२९६ होतात. त्या काळी अमाप भासलेली ही शिल्लक ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक दप्तरात संपुष्टात आली. आशिया-पॅसिफिक विभागाची वाटणी पाहणाऱ्या ‘एपनिक’ने त्याच वर्षी १५ एप्रिलपासून शेवटच्या गठ्ठ्यातून मोजूनमापून देण्यास आरंभ केला, आणि २०१९ पासून त्या गठ्ठ्यातून नव्या सभासदाच्या पदरात जास्तीत जास्त ५१२ क्रमांक पडू लागले. अंधेरीत सबवेलगत जुन्या नागरदास मार्गावर कचेरी थाटलेल्या ‘डायरेक्टी’सारख्या उद्योगाने – तुरखिया बंधूंनी १९९८ साली स्थापिलेल्या आणि ज्याचा होस्टिंगचा विभाग २०१४ मध्ये अमेरिकेच्या ‘एन्ड्युरन्स’कडे गेला त्या उद्योगाने – देशभरच्या लहान दुकानदारांना स्वस्तात जागा पुरविली; अशा धंद्यात प्रत्येक गिऱ्हाइकास पृथक् क्रमांक, म्हणजेच ‘डेडिकेटेड आयपी’, देणे परवडणारेच नव्हते.

मग एकाच क्रमांकावर शेकडो संकेतस्थळे नांदतात कशी? टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत तिष्ठावे लागे, त्या काळी मुलुंडच्या चाळीत एखाद्याच घरी फोन असे आणि बाकीचे बिऱ्हाडकरू आपल्या कार्डावर तोच क्रमांक, पुढे ‘पी. पी.’ ही अक्षरे जोडून, निःसंकोच छापीत. फोन करणारा आधी क्रमांक फिरवी आणि पलीकडून आवाज आल्यावर कोणाला बोलवायचे ते नाव सांगे. सामायिक आयपीची सारी व्यवस्था याच तत्त्वावर उभी आहे. तुमचा ब्राउझर क्रमांकाशी संधान बांधतो आणि मागणीच्या मजकुरातच ‘होस्ट’ या शब्दापुढे हव्या त्या संकेतस्थळाचे नाव लिहून पाठवितो; ते वाचून सर्व्हर त्याच दुकानाचे पान काढून देतो. जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ च्या नियमावलीने ही ओळ सक्तीची केली.

अडचण उरली ती गुप्ततेच्या व्यवहारात. ब्राउझरच्या पट्टीत कुलपाचे चिन्ह उमटण्यापूर्वी सर्व्हरला आपले प्रमाणपत्र दाखवावे लागते, आणि नाव तर ते कुलूप लागल्यानंतर सांगितले जाई. तेव्हा कोणाचे प्रमाणपत्र दाखवावे हे सर्व्हरला कळेना, आणि म्हणून पैशांचे व्यवहार करणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र क्रमांक घेणे भाग होते. २००३ मध्ये ‘एसएनआय’ ही तजवीज निघून नाव आरंभीच सांगण्याची सोय झाली. विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला ती उमगत नसे, पण एक्सपीचाच आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी काढून घेतला. सबब, सुरक्षिततेसाठी स्वतंत्र क्रमांक हवा हे विधान एके काळी खरे होते, आज नाही. गूगलमधील स्थानाची गोष्ट तर निव्वळ वावडी होय.

खरी गरज पडते ती टपालाच्या बाबतीत. एकाच सर्व्हरवरच्या एखाद्या शेजाऱ्याने उपद्रवी ईमेलचा भडिमार केला, तर ‘स्पॅमहाउस’सारख्या संस्थांच्या काळ्या यादीत तो क्रमांकच जातो, आणि त्याच क्रमांकावरून गेलेले तुमचे निरुपद्रवी बिल गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये पडते किंवा नाकारले जाऊन परत येते. मात्र नवा स्वतंत्र क्रमांक घेतला की पत आपोआप येते, असेही नव्हे. पूर्वीच्या धन्याची अपकीर्ती कधी कधी त्याला चिकटलेली असते. लहान व्यापाऱ्याने संकेतस्थळ सामायिक क्रमांकावर ठेवून टपाल निराळ्या, विश्वासू सेवेकडे सोपवावे, हे मला अधिक श्रेयस्कर वाटते. ज्यांना पेमेंटची वा बँकेची सेवा केवळ नोंदविलेल्या क्रमांकावरूनच स्वीकारते, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी पैसे भरावेत.

शेजाराचा दुसरा धोका सरकारी हुकमातून येतो. सप्टेंबर २००३ मध्ये याहूवरचा एकच गट बंद करण्याचे फर्मान निघाले आणि इंटरनेट-सेवादारांनी क्रमांकच अडविल्यामुळे याहूचे सारे गट भारतात दिसेनासे झाले. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत, जोगेश्वरी-बोरिवलीतही, स्फोट झाले. दोनच दिवसांनी मोजकी पाने रोखण्याचा आदेश आला, आणि नेमके पान वेगळे काढण्याऐवजी अनेक सेवादारांनी ‘ब्लॉगस्पॉट’ ही ब्लॉगांची सेवाच सरसकट बंद केली. संकटग्रस्तांना माहिती पुरविणारे ‘मुंबई हेल्प’ हे पानही त्याच छपराखाली होते. ज्या घटकेला उपनगरातली माणसे आप्तांच्या शोधात होती, त्याच सुमारास हे घडावे, याचा विषाद आजही वाटतो. पुढे दूरसंचार खात्याने खुलासा केला, तेव्हा कोठे बाकीची पाने मोकळी झाली.

दुर्मीळ वस्तूला किंमत येतेच: ॲमेझॉनच्या क्लाउडवर, त्याच्या मुंबई विभागासह, १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक क्रमांकासाठी ताशी अर्धा सेंट आकारला जातो, म्हणजे वर्षाला सुमारे ४४ डॉलर. दरपत्रकावरचे ते कलम पुढे आले की विक्रेत्यास दोन गोष्टी विचाराव्यात: या सर्व्हरवरचे टपाल कोणत्या क्रमांकावरून जाते, आणि तो क्रमांक काळ्या यादीत गेल्यास निवारण कोण व किती दिवसांत करील.