गॅरेजची खोली होताना

आपल्याकडे गॅरेज म्हणजे काय असतं, हे मी तुम्हाला काय सांगायचं? बंगल्याच्या बाजूला सुटं बांधलेलं, वर सिमेंटचे पत्रे, पुढे करकरणारं शटर, आणि आत गाडी सोडून बाकी सगळं! आमच्या साताऱ्याच्या घरी तिथे मामंजींची फियाट असायची. ती विकली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिच्या जागी मग गणपतीचं मखर, मुलांचा पाळणा, पाय मोडलेलं टेबल आणि ‘लागतील कधीतरी’ म्हणून ठेवलेल्या फरश्या येऊन बसल्या.

तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या नणंदबाई मुलीला घेऊन माहेरी आल्या, त्या कायमच्याच. त्याबद्दल इथे लिहीत नाही. हातात शिवणाची कला होती, मशीन होतं. पण दिवाणखान्यात मापं घ्यायची म्हणजे येणाऱ्या बायका संकोचायच्या, सासूबाईंची दुपारची झोप मोडायची, आणि वन्सं स्वतःच्याच माहेरी पाहुण्यासारख्या अंग चोरून बसायच्या. एक दिवस जेवताना म्हणाल्या, “वहिनी, गॅरेज द्याल का मला? मी भाडं देईन.” भाडं हा शब्द ऐकून सासूबाई अर्ध्या ताटावरून उठल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही शटर उघडलं.

भिंती विटांच्या, पण गिलावा फुगलेला, हात लावला की पोपडे गळायचे. आमच्या धाकट्या भावजींनी सुचवलं की भिंतींना आणि वरती आतल्या बाजूने रंगीत पत्र्याचे पॅनेल लावू. काम आठवड्यात होतं, वरचेवर रंग नको, वाळवीची भीती नाही, ओल्या फडक्याने पुसलं की लख्ख. गृहिणीला आणखी काय हवं? खोली १८ फूट बाय १० फूट, उंची ९ फूट. चारी भिंतींचे ५०४ चौरस फूट, त्यातून शटरचे ५६ आणि दोन खिडक्यांचे २४ वजा केले तर ४२४ उरले. छताचे १८० मिळवून ६०४. कापाकापीला आणि एकावर एक चढवायला दहा टक्के जास्त धरायचे. हा हिशेब तुम्ही स्वतः करा बरं का! आम्ही केला नव्हता, आणि पहिल्या कारागिराने सांगितलेला आकडा यापेक्षा पुष्कळ मोठा होता.

पण खरी चूक पुढेच झाली. मे महिन्यात भिंत कोरडी ठणठणीत दिसत होती. पोपडे खरवडले, चौकोनी पाइपांचा सांगाडा ठोकला, वर पॅनेल बसवले. हस्तिदंती रंग, सरळ रेघा, जुनं गॅरेज ओळखू येईना. वन्संनी मशीनला हळदकुंकू वाहिलं. ऑगस्टमध्ये कुबट वास यायला लागला. मागच्या भिंतीला टेकून शिवायच्या कपड्यांची घोडी होती. एका सकाळी पाहतो तर पॅनेलच्या खालच्या कडेने तांबूस ओघळ आलेले, आणि त्याला चिकटून एका गिऱ्हाइकाची इरकली. सुतीवरचा गंजाचा डाग लिंबू-मिठाने कधीकधी निघतो. रेशमावर तो प्रयोग करायला कोण धजणार? वन्संनी त्या साडीचे पैसे भरून दिले. दोन महिन्यांची कमाई गेली. वर, “म्हणून म्हटलं होतं, घरातच शिवत जा,” असं सासूबाई म्हणाल्या ते वेगळंच.

पॅनेल उतरवलं तेव्हा मागे काळी बुरशी आणि ओलीचिंब भिंत. मैत्रिणींनो, पत्रा ओल झाकतो, बरी करत नाही. उलट भिंतीला वारा लागेनासा होतो आणि ओल आतल्या आत कोंडते. पत्र्यावर जस्ताचा थर असतो, पण कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं उघडी असतात, तिथून गंज शिरतो. आमच्या भिंतीचं दुखणं बाहेर होतं. बागेची माती वर्षानुवर्षं चढत जोत्याच्याही वर आली होती, आणि छपराला पन्हळ नसल्याने सगळं पाणी भिंतीच्या पायाशीच पडायचं. माती उपसली, बाहेरून उतार दिला, पन्हळ लावली, गिलावा विटेपर्यंत काढून नवा केला. मग घाई न करता तो पुरता वाळू दिला, कारण ओल्या सिमेंटच्या सहवासात जस्त टिकत नाही.

भिंत वाळली की नाही हे ओळखायची युक्ती अगदी सोपी आहे. दोन फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. कागदाच्या आतल्या बाजूला दव धरलं तर ओल भिंतीतून येते आहे, थांबा. आमच्या मागच्या भिंतीने तीनदा दव दाखवलं. चौथ्या वेळी कागद कोरडा निघाला, तेव्हा कुठे पॅनेल पुन्हा चढले. या वेळी खालची कड फरशीपासून अर्धा इंच वर ठेवली, म्हणजे फरशी पुसताना पाणी चढत नाही. आणि कारागीर पत्रा ग्राइंडरने कापायला लागला की त्याला कातर वापरायला सांगा. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी कडेचा रंग आणि जस्त जळतं, लोखंडाचा बारीक कीस पॅनेलवर बसतो आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याचे तांबडे ठिपके उमटतात.

आता छताची गोष्ट. ती मात्र ‘नंतर बघू’ म्हणण्यासारखी नाही. जुने सिमेंटचे पत्रे म्हणजे बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे. ते शांत पडून असतात तोवर त्यांचा उपद्रव कमी. पण ते कापले, भोसकले, कोरडे घासले की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. कर्करोग व्हायचा तो वीस-तीस वर्षांनी दिसतो, तोवर गॅरेजचं काम कोणाच्या लक्षातही राहत नाही. ब्रिटनने १९९९ साली अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. आपल्याकडे हे पत्रे बाजारात अजूनही मिळतात. आमचा कारागीर जुन्या पत्र्यांना भोकं पाडून त्यांनाच छताचा सांगाडा टांगणार होता. कधी नव्हे ते ह्यांनी आवाज चढवला आणि काम थांबवलं. मग सांगाडा दोन्ही बाजूंच्या भिंतींवर टेकवला, वरच्या पत्र्याला हातसुद्धा लावला नाही. तुमचे पत्रे तडकलेले, भुगा गळणारे असतील, तर मात्र खाली छत लावून लपवू नका. ते ओले करून, अख्खे उतरवणाऱ्या माहीतगार माणसाकडूनच काढून घ्या. पोरंटोरं आणि धुणं त्या दिवशी लांब ठेवा. आणि या पत्र्यांवर कोणालाही चढू देऊ नका. पायाखाली ते पापडासारखे मोडतात.

वरचा पत्रा आणि आतलं छत यांच्यामध्ये आम्ही नऊ इंच पोकळी ठेवली आणि दोन्ही टोकांना जाळ्या बसवल्या. तापलेली हवा तिथून निघून जाते. छतावर रॉकवूलच्या गाद्या अंथरल्या. थर्माकोल स्वस्त पडत होता, पण तो भडकतो आणि काळा धूर सोडतो. शिवणाच्या खोलीत चिंध्या, अस्तरं आणि तापलेली इस्त्री! मी ठाम नाही म्हटलं. एप्रिलमध्ये खोली गार असते असं खोटं सांगणार नाही. पंखा लागतोच, पण बसवतं.

विजेच्या बाबतीत काटकसर करू नका. चारी बाजूंनी पत्रा असला की एक सोललेली वायर सगळी खोली जिवंत करू शकते. घरातल्या बोर्डापासून वेगळी लाइन घ्या, तिच्यावर ३० मिलीअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसवा आणि पत्र्याला व सांगाड्याला अर्थिंग जोडून घ्या. वायरी पाइपातूनच न्यायच्या. पत्र्याच्या भोकातून जिथे वायर निघते तिथे रबरी गोल बसवायचा, नाहीतर धारदार कड वायर कापते. हे काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. शेजारचा हौशी मुलगा कितीही गुणी असला तरी नको.

नकाशात ही जागा गाडीसाठी मंजूर असते. तिथे धंदा किंवा राहणं सुरू करायचं तर आधी नगरपालिकेत विचारून ये-जा करावीच लागते. आम्हाला चार हेलपाटे पडले.

एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो. मशीन चालू झालं की गिरणीत बसल्यासारखं वाटायचं. सासूबाईंनी न बोलता ट्रंकेतल्या दोन जुन्या गोधड्या काढल्या आणि समोरासमोरच्या भिंतींवर टांगायला दिल्या. आवाज निम्म्यावर आला. येणाऱ्या बायका आधी त्या गोधड्यांचीच चौकशी करतात. आणखी एक गंमत म्हणजे लोखंडी पत्र्याला चुंबक चिकटतं. वन्संच्या ब्लाउजचे कागदी बेत, मापांच्या चिठ्ठ्या, गिऱ्हाइकांच्या तारखा, सगळं भिंतीवर चुंबकाने लावलेलं, एकही खिळा नाही. जड फळी मात्र पत्र्यावर ठोकायची नाही, तिचा भार सांगाड्यावर किंवा विटेवर गेला पाहिजे.

वन्सं आता दर महिन्याच्या पाच तारखेला एक पाकीट देवापाशी ठेवतात. सासूबाई ते उघडत नाहीत, परतही करत नाहीत. त्यांच्या भाचीच्या लग्नाची दहा ब्लाउजं सध्या तिथेच शिवणं चालू आहे. शटरच्या वरची फट अजून बुजवायची राहिली आहे, तिथून चिमण्या शिरतात. मिस्त्री दिवाळीनंतर येतो म्हणालाय. कोणती दिवाळी, ते सांगितलं नाही.