मुलावांचूनचें बाळंतपण

आमच्या घरांत एकाच वर्षीं दोघींचीं पोटें चिरावीं लागलीं. ज्येष्ठांत धाकट्या सूनबाईंचें दुसरें बाळंतपण सिझेरियन करून उरकावें लागलें. आणि श्रावणाच्या अखेरीस आमच्या कुटुंबाचा गर्भाशय, गांठींमुळें रक्तस्राव थांबेना म्हणून, काढून टाकावा लागला. रुग्णालय एकच, डॉक्टरीणबाई त्याच, ओटीपोटावरचा आडवा छेदहि जवळजवळ सारखाच. घरीं आल्यावर मात्र दोघींच्या वांट्याला जें आलें, त्यांत फार मोठें अंतर पडलें. ह्या गोष्टीला आतां दहा वर्षें होत आलीं. त्या वेळीं जो प्रमाद आमच्या हातून घडला, तोच इतर सुशिक्षित घरांतूनहि, कोणाच्या दुष्ट बुद्धीनें नव्हे तर केवळ रूढीच्या ओघानें, घडत असलेला आम्ही पाहतों. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. विषय नाजूक आहे, हें आम्ही जाणतों. परंतु ज्या गोष्टीविषयीं संकोचामुळें घरांत बोलणेंच होत नाहीं, तिचा भार बायकांना मुकाट्यानें सोसावा लागतो.

सूनबाई बाळाला घेऊन घरीं आल्या, तेव्हां माजघराशेजारची खोली आधींच झाडून-सारवून ठेविली होती. विहीणबाई महिनाभर येऊन राहिल्या. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मऊ भात, वर तूप. बाळाला न्हाऊ घालावयास बाई. दाराशीं येणाऱ्या-जाणाऱ्याला दटावणी कीं, आवाज करूं नका, बाळंतीण निजली आहे. सव्वा महिना सूनबाईंना कोणीं पाण्याची कळशी उचलूं दिली नाहीं. हें सर्व योग्यच झालें.

आमच्या कुटुंबाला रुग्णालयांतून चौथ्या दिवशीं घरीं आणलें. दोन दिवस शेजारणी भेटून गेल्या. "सुटलात हो एकदाच्या," असें म्हणून त्यांनीं समाधान मानलें. सहाव्या दिवशीं सकाळीं चहाचें आधण तिनेंच ठेविलें. तो चहा आम्ही प्यालों आणि वर म्हणालों, "आज बरी दिसतेस." पुढें भाद्रपद लागला. गौरी जेवावयाच्या दिवशीं शस्त्रक्रियेला बरोबर अकरा दिवस झाले होते. थोरली सून एकटी, धाकटी अजून अंगावर पाजती, आणि सोळा भाज्यांचा घाट. "गौरी का वर्षांतून दोनदा येतात? आणि मला काय झालंय? मूल का झालंय?" असें म्हणून ती उठली, पुरण वाटलें, आणि पाण्यानें भरलेलें मोठें पातेलें एकटीनें उतरविलें. त्या रात्रीं तिला ताजा लाल रक्तस्राव सुरू झाला. मध्यरात्रीं रिक्षा करून पुन्हां रुग्णालय गांठावें लागलें. आंतले टांके एका ठिकाणीं उसवले होते.

डॉक्टरीणबाई आमच्याच हाताखालून गेलेल्या विद्यार्थिनी. त्यांनीं उपचार आटोपल्यावर बाहेर येऊन विचारलें, "सर, सूनबाईंना तुम्ही किती दिवस उठू दिलं नव्हतं?" आम्ही म्हणालों, "सव्वा महिना." "आणि काकूंना?" आम्हीं मनांत मोजलें. पांच दिवस. तेवढे सांगावयाचीहि आम्हांला लाज वाटली. जन्मभर मुलांकडून हिशेब करून घेतले. घरांतला हा सोपा हिशेब मात्र चुकला होता.

त्या रात्रीं त्यांनीं जें समजावून दिलें आणि पुढें आम्हीं वाचून जें पडताळून पाहिलें, त्याचा सारांश असा.

सिझेरियनमध्यें पोटाचे थर उघडून गर्भाशयाला छेद देतात, मूल बाहेर काढतात आणि गर्भाशय पुन्हां शिवतात. गर्भाशय जागच्या जागीं राहतो. प्रसूतीनंतर सुमारें एक किलो वजनाचा तो स्नायु आकुंचन पावत पावत सहा आठवड्यांत पूर्ववत् लहान होतो; तोंपर्यंत थोडाथोडा स्राव चालूं राहतो. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेंत त्याला धरून ठेवणारे बंध आणि त्याला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या बांधून कापाव्या लागतात. मूत्राशय पुढून सोडवून बाजूला सारावा लागतो. आणि गर्भाशयाबरोबर त्याचें मुखहि काढलें असेल, तर योनिमार्गाचें वरचें टोंक शिवून बंद करतात. ही आंतली शिवण डोळ्यांना दिसत नाहीं. बाहेरचा व्रण सुकून खपली पडली, तरी आंतली जखम भरावयास कित्येक आठवडे लागतात. जड उचलणें, कुंथणें, वेळेपूर्वीं पतिपत्नींचा संबंध येणें, ह्यांचा ताण नेमका त्या शिवणीवर पडतो. आमच्या घरांत पातेल्यानें केलें तें हेंच.

पोट चिरून गर्भाशय काढला असेल, तर सावरण्यास सामान्यतः सहा ते आठ आठवडे लागतात. सिझेरियनला सुमारें सहा. योनिमार्गानें किंवा दुर्बिणीच्या साह्यानें गर्भाशय काढला, तर स्त्री लौकर हिंडूंफिरूं लागते, कित्येक दोन ते चार आठवड्यांत नित्याच्या कामाला लागतात. दुर्बिणीनें गर्भाशय काढण्याची रीत अमेरिकेंत हॅरी राइश ह्या शस्त्रवैद्यानें १९८८ सालीं प्रथम अवलंबिली. परंतु पोटावर तीनचार बारीक भोकेंच दिसतात, म्हणून आंत कांहीं झालेंच नाहीं असें समजूं नये. आंतली शिवण तेथेंहि असते.

ह्याचा अर्थ सिझेरियन सोपें, असा मुळींच नव्हे. त्या स्त्रीनें नऊ महिने गर्भ वाहिलेला असतो. टांके ओले असतां तिला दर दोनतीन तासांनीं उठून मुलाला पाजावें लागतें. सलग झोंप अशी मिळतच नाहीं. गर्भाशयावर राहिलेल्या व्रणामुळें पुढच्या गरोदरपणांत विशेष जपावें लागतें. वार पडतांच शरीरांतील कांहीं रसांचें प्रमाण एकदम उतरतें आणि पहिल्या आठवड्यांत कारणावांचून रडूं येतें. तें दोन आठवड्यांहून अधिक टिकलें, तर तो हट्ट किंवा नाटक न समजतां वैद्याचा सल्ला घ्यावा.

दुसरीच्याहि मनाची स्थिति पाहिली पाहिजे. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजकोश काढले, तर ऋतुनिवृत्ति, जी एरव्हीं वर्षांनुवर्षें सावकाश येते, ती एका दिवसांत अंगावर कोसळते: अंगांतून वाफा निघतात, रात्रीं घाम सुटतो, झोंप उडते, पुढें हाडें ठिसूळ होण्याचा संभव वाढतो. बीजकोश ठेविले, तर हें एकदम होत नाहीं, पण ऋतुनिवृत्ति थोडी आधीं येऊं शकते. म्हणून काय काढलें व काय ठेविलें, हें शस्त्रक्रियेपूर्वींच स्पष्ट विचारून घ्यावें. शिवाय, पहिलीच्या कुशींत मूल असतें. तिच्या वेदनेचें फळ तिला आणि सर्व घराला समोर दिसतें. दुसरीच्या हातांत कांहींच नसतें. "रिकामं रिकामं वाटतं हो," एवढेंच आमचें कुटुंब एकदां म्हणालें होतें. तिला तीन मुलें, दोन नातवंडें. आणखी मूल तिला नकोच होतें. तरीहि तसें वाटलें, आणि तें ऐकून घेण्याखेरीज त्यावर दुसरें औषध नव्हतें.

ह्या दोन शस्त्रक्रिया परस्परांस परक्या नाहींत, हें इतिहासावरूनहि दिसतें. पूर्वीं सिझेरियन करतांना गर्भाशयाचा छेद बहुधा शिवीत नसत. मूल कधीं वाचे, परंतु माता रक्तस्रावानें किंवा जंतुदोषानें दगावे. १८७६ सालीं इटलींतील पाव्हिया येथें एदुआर्दो पोर्रो ह्या वैद्यानें मूल काढल्यावर गर्भाशयहि काढून टाकिला आणि माता वाचली. पुढें १८८२ सालीं जर्मनींतील माक्स सेंगर ह्यानें गर्भाशय नीट शिवण्याची पद्धति मांडली, आणि मातेचा जीव व गर्भाशय दोन्ही राखतां येऊं लागले. एकाच संकटांतून निघालेल्या ह्या दोन वाटा. पैकीं एकीवर आपल्या समाजानें सावली धरली, दुसरी उन्हांत राहिली.

असें कां व्हावें? आम्हांला वाटतें, ह्याचें कारण शब्दांत आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत प्रसूत स्त्रीला दीड महिना आहारविहाराचे नियम घालून दिले आहेत. तो काळ सरला म्हणजे तिचें 'सूतिका' हें नांव सुटतें, असें सांगितलें आहे. आपली सव्वा महिन्याची चाल ह्याच जातीची. नांव आहे म्हणून मुदत आहे, मुदत आहे म्हणून विसांवा आहे. 'बाळंतीण' म्हटलें कीं घर आपोआप हलकें पाऊल टाकतें. परंतु गर्भाशय काढलेल्या स्त्रीला आपल्या भाषेंत असें नांव नाहीं. तिच्यासाठीं ना लाडू, ना खोली, ना मुदत. "पिशवी काढली" एवढें कुजबुजून सांगतात आणि विषय बदलतात. वस्तुतः विसांवा मुलाच्या जन्माचा नसून जखमेचा हक्क आहे. जखमेला मूल झालें कीं नाहीं, हें कळत नाहीं.

हें कोठेंच कोणाला सुचलें नाहीं, असेंहि नाहीं. केरळ राज्याच्या सेवानियमांत गर्भाशय काढलेल्या नोकरदार स्त्रीसाठीं ४५ दिवसांपर्यंतची खास रजा ठेविलेली आहे. दीड महिन्याचा हा आंकडा सुश्रुताच्या आंकड्याशीं जुळावा, हें आम्हांला मोठें अर्थपूर्ण वाटतें. उलट आपल्याच महाराष्ट्रांत बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची हकीकत २०१९ सालीं उजेडांत आली. सरकारनें डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. ८२,००० हून अधिक स्त्रियांच्या पाहणींत १३,००० हून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांपैकीं कित्येक ऐन तारुण्यांतल्या. कामाचा खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. मग अशा स्त्रीच्या विसांव्याचें नांव कोणीं काढावें? त्यांच्यापुढें आमच्या घरची गोष्ट लहान आहे. परंतु ज्यांच्या घरांत चार हात कामाला आहेत, त्यांनींहि विसांवा देऊं नये, ह्याला तर कांहींच सबब नाहीं. येथें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, गर्भाशयाच्या पुष्कळ विकारांवर तो न काढतांहि उपाय होऊं शकतो. म्हणून तातडी नसेल तेव्हां दुसऱ्या डॉक्टरांचेंहि मत घ्यावें.

विसांवा म्हणजे पडून राहणें, असा मात्र समज करूं नये. दोन्ही शस्त्रक्रियांनंतर शक्य तितक्या लौकर उठून थोडथोडें चालावें. निजून राहिल्यानें पायाच्या शिरेंत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. बाळंतिणीला पाणी तोडण्याची जुनी चाल सोडावी. पाणी, भाजीपाला, फळें पोटभर द्यावीं, म्हणजे मलावरोध होऊन कुंथावें लागणार नाहीं. खोलींत शेगडीचा धूर कोंडूं नये. तो बाळाला व आईला दोघांनाहि बाधक आहे. सिझेरियन झालेलीनें बाळापेक्षां जड कांहीं उचलूं नये. गर्भाशय काढलेलीनें निदान सहा आठवडे कळशी, बादली, गादी, नातवंड, कांहींच उचलूं नये. संयमाची मुदत डॉक्टरांस विचारून पाळावी. हें पुरुषांनीं स्वतः विचारावें, पत्नीच्या संकोचावर सोडूं नये. ताप येणें, व्रण लाल होऊन पू होणें, दुर्गंधी स्राव, ताजें रक्त वाहूं लागणें, लघवीला अडणें, एकाच पोटरीला सूज व ठणका, छातींत दुखणें, धाप लागणें, ह्यांपैकीं कांहींहि झालें, तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

आमचें कुटुंब चार दिवसांनीं परत आलें. मग मात्र आम्हीं दिनदर्शिकेवर बेचाळीसाव्या दिवसाला तांबडें वर्तुळ केलें, आणि तोंवर घरांतल्या पुरुषांनीं पाणी भरलें, पोळ्या बाहेरून आणल्या. आकाश कोसळलें नाहीं.

तीन वर्षांनीं आमच्या धाकट्या भावजयीवर दुर्बिणीनें हीच शस्त्रक्रिया झाली. ती घरीं आली, तेव्हां आमच्या कुटुंबानें माजघराशेजारची तीच खोली उघडली आणि ताटलींत डिंकाचा लाडू नेऊन ठेविला. भावजय ओशाळून म्हणाली, "वहिनी, हे कशाला? मूल का झालंय? तीन तर भोकं आहेत." तेव्हां आमचें कुटुंब म्हणालें, "भोकं बाहेर तीन. आत काय शिवलंय ते मी जाणते. खा मुकाट्यानं."

आमच्या घरांत आतां ह्या मुदतीला नांव नसलें, तरी चाल पडली आहे. वाचकांच्या घरींहि ती पडावी, एवढेंच आमचें मागणें.