बक्षीस लागले, मग पैसे आपण का भरायचे?

मुलचेऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी दुकानात गर्दी असते, गल्ल्यात चार पैसे जमलेले असतात. अशा वेळी एखादा टापटीप तरुण छापील कार्डांचा गठ्ठा घेऊन येतो. "चाचा, महिन्याला फक्त पाचशे. दर महिन्याला सोडत, नंबर लागला की मोटारसायकल आणि पुढचे हप्ते माफ. नाहीच लागला तर शेवटी भरलेल्या रकमेचे सामान. दुकानावर फलक लावू द्या, ओळखीची पन्नास माणसे जोडून द्या, कमिशन तुमचे."

हो म्हणण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्यावी. समजा ३०० सभासद, १५ महिने, दरमहा ५०० रुपये. दर महिन्याला एक जण जिंकून बाहेर पडतो. हे १५ विजेते मिळून ६०,००० रुपये भरतात. उरलेले २८५ जण प्रत्येकी ७,५०० भरतात, म्हणजे २१,३७,५०० रुपये. एकूण जमा २१,९७,५००. मोटारसायकल ८०,००० रुपयांची धरली तर १५ गाड्यांचे १२ लाख झाले. मागे राहिले ९,९७,५००. ते २८५ जणांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर ३,५०० रुपये येतात, आणि तेही योजनावाल्याने स्वतःला एक पैसा न ठेवता, तुम्हाला कमिशन न देता! "भरलेल्या रकमेचे सामान" हे शब्द पाळायचे तर ११ लाख ४० हजार रुपये बाहेरून आणावे लागतील. ते कोण आणणार? म्हणून एक तर शेवटी हलकी भांडी हाती पडतात, नाही तर दहाव्या-अकराव्या महिन्यात कार्यालयाला कुलूप दिसते.

अशा योजनेला कायद्यात बक्षीस चिट म्हणतात, आणि १९७८ च्या केंद्रीय कायद्याने तिला बंदी आहे. विजेत्याचे पुढचे हप्ते माफ असोत वा नसोत, बाकीच्यांना रक्कम परत मिळो वा न मिळो, चिठ्ठ्या टाकून बक्षीस दिले की ती बक्षीस चिटच. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या दुकानदारांनी ध्यानात घ्यावी अशी बाब पुढेच आहे. कार्डे छापणारा, विकणारा, वाटणारा आणि त्यासाठी जागा देणारा यांनाही दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद त्याच कायद्यात आहे. योजनावाला परगावचा, तो निघून जातो. गिऱ्हाईक मात्र ज्याच्या शब्दावर पैसे दिले त्याच्याच दारात येते.

आपली नेहमीची भिशी निराळी. तिच्यात आज ना उद्या प्रत्येकाची पाळी येते, फक्त आधी-मागे होते. म्हणून तिला बक्षीस चिट म्हणत नाहीत. मोठ्या चिटफंडाला मात्र १९८२ चा चिटफंड कायदा आणि नोंदणी लागू आहे. पैसे देऊन नशीब अजमावणे हा जुगार, हे आपल्याकडे वेगळे सांगावे लागत नाही. या ठिकाणी कायदाही जवळपास तीच रेघ ओढतो.

दुसरा प्रकार मोबाईलवरचा. 'कौन बनेगा करोडपती'च्या नावाने २५ लाखांची लॉटरी लागल्याचे संदेश देशभर गेले. त्यांतले अनेक ९२ ने सुरू होणाऱ्या, म्हणजे पाकिस्तानच्या, क्रमांकांवरून होते. कधी रिझर्व्ह बँकेचे नाव पुढे करतात. रिझर्व्ह बँक कोणाही व्यक्तीचे खाते ठेवत नाही, तिने तसे वेळोवेळी जाहीरही केले आहे. मुळात न घेतलेल्या तिकिटाला बक्षीस लागत नाही. खरी लॉटरी फक्त राज्य सरकार चालवू शकते, १९९८ चा कायदा तसा आहे. महाराष्ट्राची लॉटरी १९६९ पासूनची. तिकिटावर राज्याचे नाव आणि बोधचिन्ह असते, सोडतही सरकारच काढते.

फसवणारा "आधी टॅक्स भरा" म्हणतो तेव्हा शहाणी माणसेही गोंधळतात, कारण बक्षिसावर कर खरोखरच आहे. दहा हजारांवरील रोख बक्षिसावर ३० टक्के कर देणाराच कापून घेतो आणि उरलेले तुम्हाला देतो. बक्षीस वस्तूच्या रूपात असेल, उदाहरणार्थ मोटारसायकल, तर ती हाती येण्यापूर्वी कर भरलेला असावा लागतो, आणि तो कधी विजेत्याकडून मागितला जातो. पण हा भरणा पॅन क्रमांकासह सरकारी खात्यात होतो, त्याची पावती निघते. कोणा साहेबाच्या खासगी खात्यावर किंवा फोन क्रमांकावर पाठवलेला पैसा हा कर नव्हे.

सणासुदीला स्वतःच्या दुकानात "पाचशेच्या खरेदीवर कूपन" ठेवणाऱ्यांनीही सांभाळावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विक्री वाढवण्यासाठी सोडत काढणे हे अनुचित व्यापारी प्रथेत मोडते. योजना संपल्यावर निकाल दडवणेही त्यातच येते. जाहिरात ज्या वर्तमानपत्रात दिली, निकाल त्याच वर्तमानपत्रात ठळकपणे छापलेला असावा, अशी अपेक्षा आहे. मोठ्या कंपनीची स्पर्धा पारखायलाही हीच कसोटी बरी. मागच्या वेळचा निकाल कोठे छापला होता, एवढे विचारून पाहावे. त्यापेक्षा सरळ दहा टक्के सूट द्यावी, गिऱ्हाईक खूष आणि भानगड नाही.

पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नये. फोनवरून गेले असल्यास त्याच घटकेला १९३० वर कळवावे, रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. कार्डाची योजना असेल तर सर्व पावत्या, कार्ड आणि फलकाचा फोटो घेऊन मुलचेरा पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच मागून घ्यावी.